वेग जनुकांतून मिळेल, दिशा कोण ठरवणार?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील पाइनवनांत जनुकीय खुणा पाहून झाडे निवडण्याचे पर्व सुरू झाले आहे. त्यातून वाढीचा वेग वाढेल, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो, कोणती वाढ आणि कोणासाठी, याविषयी.

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशातील लाकडाचे उत्पादन तातडीने वाढवण्याचा आदेश काढला. ऑक्टोबरमध्ये आयात होणाऱ्या इमारती लाकडावर आणखी दहा टक्के कर लागला आणि कॅनडातून येणाऱ्या लाकडावरील एकूण भार सुमारे ४५ टक्क्यांवर पोहोचला. या दोन घटनांच्या मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, इंटरनॅशनल पेपर या कंपनीने जॉर्जिया राज्यातील सव्हाना आणि राइसबरो येथील आपले दोन कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे १,१०० कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली आणि आसपासच्या जमीनमालकांचे लगद्याच्या लाकडाचे हक्काचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. एकीकडे ‘लाकूड अधिक हवे’ ही सरकारची हाक, तर दुसरीकडे लाकूड विकत घेणारे कारखानेच कमी होत चाललेले. या विसंगतीच्या मध्यभागी एक झाड उभे आहे. त्याचे नाव लोब्लॉली पाइन.

केंद्र सरकारच्या आदेशाचा रोख प्रामुख्याने सरकारी मालकीच्या वनांवर आहे. परंतु अमेरिकेतील निम्म्याहून अधिक लाकूड दक्षिणेकडील राज्यांतून येते आणि तेथील पाचातील चारांहून अधिक वनजमीन खासगी मालकीची आहे. या जमिनींवर दरवर्षी पाइनची सुमारे १०० कोटी रोपे लावली जातात. त्यांत बहुतांश लोब्लॉली असते. रॅले, अटलांटा किंवा डॅलसच्या उपनगरांत ज्या मराठी कुटुंबांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घरे घेतली, त्यांतील अनेकांच्या भिंतींचा सांगाडा आणि छताच्या कैच्या याच गटातील पाइनच्या आहेत. त्यामुळे हे झाड किती लवकर वाढते आणि त्याचे लाकूड किती ताठ राहते, हा प्रश्न केवळ वनशास्त्रज्ञांपुरता उरत नाही.

प्रतीक्षेचे शास्त्र

लोब्लॉली पाइन हे मूळचे याच प्रदेशातील झाड. कापसाने कस गमावलेल्या आणि शेतकऱ्यांनी सोडून दिलेल्या जमिनींवर ते आपोआप उगवत असे; म्हणून त्याला ‘जुन्या शेतातला पाइन’ असेही नाव पडले. विसाव्या शतकाच्या मध्यावर कागद उद्योग दक्षिणेत पसरला, तशी या झाडाची पद्धतशीर लागवड सुरू झाली आणि त्याबरोबर एक साधा प्रश्न पुढे आला. गहू आणि मका यांच्या जाती सुधारता येतात, तर झाडाची जात का सुधारू नये?

१९५६ साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात ब्रूस झोबेल यांच्या पुढाकाराने वृक्षसुधारणेचा सहकारी कार्यक्रम उभा राहिला. टेक्सास आणि फ्लोरिडातही त्याच दशकात असे उपक्रम सुरू झाले होते. कंपन्या आणि राज्यांचे वनविभाग यांनी खर्च वाटून घ्यायचा, विद्यापीठाने शास्त्र पुरवायचे आणि निवडलेली झाडे सर्वांनी वापरायची, अशी ही रचना होती. वनरक्षक नैसर्गिक जंगलांत फिरून उंच, सरळ आणि निरोगी झाडे हेरत. त्यांच्या शेंड्यावरील काड्या इतक्या उंचावर असत की, त्या पुष्कळदा बंदुकीने गोळी झाडून खाली पाडाव्या लागत. हापूसच्या काड्या ज्याप्रमाणे रोपावर बांधतात, त्याचप्रमाणे या काड्यांची कलमे करून खास बागा लावण्यात आल्या. त्यांना बीजोद्याने म्हणतात, कारण तेथील पीक म्हणजे लाकूड नसून बी असते.

या पद्धतीने फळ दिले. पहिल्या पिढीच्या बीजोद्यानांतील बियांपासून वाढलेल्या वनांत, जंगली बियांच्या तुलनेत, एकरी ७ ते १२ टक्के अधिक लाकूड मिळाले. पुढच्या पिढ्यांत ही वाढ आणखी चढत गेली. मात्र प्रत्येक पिढीला लागणारा काळ ही या शास्त्राची कायमची अडचण राहिली. दोन चांगल्या झाडांचा संकर करायचा, तर आधी त्यांना फुलोरा यावा लागतो आणि त्यासाठी वर्षे जातात. वसंतात परागण झाले, तरी शंकू पिकायला पुढच्या वर्षाचा शरद ऋतू उजाडतो. मग बी पेरायचे, रोपे वेगवेगळ्या ठिकाणी लावायची आणि सहा ते आठ वर्षे त्यांची उंची व घेर मोजत राहायचे. त्यानंतरच कोणाची संतती सरस ठरली, हे कळते. एक फेरा पूर्ण व्हायला वीसएक वर्षे सहज लागत. म्हणजे एका वृक्षपैदासकाराच्या उभ्या कारकिर्दीत जेमतेम दोन पिढ्या. मक्याच्या पैदासकाराला तेवढ्या पिढ्या वर्षभरात मिळू शकतात.

खुणा शोधण्याचा पहिला प्रयत्न

ही प्रतीक्षा टाळण्याची आशा जनुकीय खुणांनी दाखवली. खूण म्हणजे डीएनएच्या साखळीतील असे एक ठिकाण, जिथे एका झाडात एक अक्षर असते आणि दुसऱ्यात वेगळे. ही खूण स्वतः वाढीवर परिणाम करतेच असे नाही. परंतु वाढीवर परिणाम करणारे एखादे जनुक तिच्या शेजारी असेल, तर दोन्ही पुढच्या पिढीत बहुधा एकत्रच जातात. घरातील माणूस दिसला नाही, तरी दारावरच्या पाटीवरून तो कोण हे कळावे, तसे हे आहे. पानाचा छोटा तुकडा किंवा दोन-चार सुया प्रयोगशाळेत दिल्या की खुणा वाचता येतात. त्यासाठी झाड मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या पद्धतीत झाडात बाहेरचे कोणतेही जनुक घातले जात नाही. संकर पूर्वीप्रमाणेच परागकणांनी होतो. जन्मलेल्या भावंडांपैकी कोणाला पुढे न्यायचे, एवढाच निर्णय डीएनए वाचून घेतला जातो. जनुकीय फेरफार केलेल्या वाणांविषयीचे आक्षेप आणि कायदे त्यामुळे येथे लागू होत नाहीत.

१९९० च्या दशकात या क्षेत्रात मोठा उत्साह होता. १९९४ मध्ये दारिओ ग्रात्तापाल्या आणि रोनाल्ड सेडेरॉफ यांनी निलगिरीच्या संकरित कुटुंबातील खुणांचे नकाशे तयार करण्याची एक सोपी रीत मांडली. १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी लोब्लॉलीला ग्रासणाऱ्या, खोडावर गाठी आणणाऱ्या तांबेरा रोगाविरुद्ध प्रतिकार देणारे एक जनुक नकाशावर दाखवले. एका जनुकाचा ठसठशीत परिणाम असेल, तिथे खूण उपयोगी पडते, हे त्यातून सिद्ध झाले.

वाढीच्या बाबतीत मात्र निराशा पदरी आली. उंची आणि घेर हे गुण एका-दोन जनुकांच्या हाती नसतात. शेकडो, कदाचित हजारो जनुकांचे अगदी लहान लहान परिणाम मिळून ते घडतात. एका कुटुंबात सापडलेली ‘वाढीची खूण’ दुसऱ्या कुटुंबात निरुपयोगी ठरे. हाताशी असलेल्या मोजक्या खुणांनी या गर्दीतून दोन-चार चेहरे ओळखावेत आणि त्यावरून सगळ्या गावाचा स्वभाव सांगावा, असा तो प्रकार होता. दशकाच्या शेवटी कंपन्यांचा उत्साह ओसरला.

गायींच्या गोठ्यातून आलेली युक्ती

दिशा बदलली ती २००१ साली. थिओ म्यूविसेन, बेन हेज आणि माइक गोडार्ड या तिघांनी एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांची सूचना अशी होती की, महत्त्वाची जनुके हुडकण्याचा नाद सोडावा. संपूर्ण जनुकसंचावर हजारो खुणा दाट पेराव्यात, त्यांतील कोणतीही वगळू नये आणि प्रत्येकीच्या वाट्याला येणारा लहानसा परिणाम संख्याशास्त्राने काढावा. मग नवजात जिवाच्या खुणा वाचून त्या सर्व परिणामांची बेरीज केली की त्याची आनुवंशिक किंमत कळते. कोणते जनुक काय करते, हे ठाऊक नसले तरी चालते.

ही युक्ती सर्वप्रथम दुभत्या जनावरांत वापरली गेली. अमेरिकेच्या कृषी खात्याने जानेवारी २००९ मध्ये होल्स्टीन आणि जर्सी गायींचे जनुकाधारित मूल्यमापन अधिकृतपणे सुरू केले. त्याआधी वळूची परीक्षा त्याच्या मुली दूध देऊ लागल्यावरच होत असे. आता वासराच्या जन्मानंतर काही आठवड्यांत ती होऊ लागली. वळूंच्या निवडीतील पिढीचे अंतर सुमारे सात वर्षांवरून अडीच वर्षांच्या आत आले. जिथे पिढी लांब आणि गुण उशिरा दिसणारा, तिथे लाभ सर्वाधिक, हे या अनुभवाचे सार होते. आणि वृक्षांइतकी लांब पिढी दुसऱ्या कोणत्या पिकाची असणार?

२०१२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील मार्सिओ रेझेंडे, मतियास कर्स्ट आणि सहकाऱ्यांनी लोब्लॉलीवर ही कसोटी घेतली. सुमारे ८०० झाडे, त्यांच्या प्रतिकृती चार ठिकाणी लावलेल्या, आणि प्रत्येकाच्या डीएनएतील ४,८२५ खुणा. घेराच्या अनुमानाची अचूकता ०.६५ ते ०.७५ आणि उंचीच्या अनुमानाची ०.६३ ते ०.७४ इतकी आली. १ म्हणजे पूर्ण अचूक. पैदाशीचा फेरा निम्म्यावर आला असे धरले, तर दरवर्षी पदरात पडणारा लाभ पारंपरिक निवडीपेक्षा ५३ ते ११२ टक्के अधिक ठरत होता.

याच अभ्यासाचे दोन निष्कर्ष मात्र तितक्या मोठ्याने सांगितले जात नाहीत. पहिला असा की, अगदी लहान वयातील मोजमापांवर घडवलेले गणित सहाव्या वर्षीच्या वाढीचे अनुमान नीट करू शकले नाही. दुसरा असा की, एका ठिकाणी घडवलेले गणित दुसऱ्या ठिकाणी चालले, परंतु हवामान व जमीन सारखी असलेल्या एकाच पैदास-क्षेत्राच्या आतच. म्हणजे खुणा वाचण्याचे तंत्र कितीही वेगवान झाले, तरी त्यांना अर्थ देणारी मोजमापे शेतातून, वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या झाडांकडूनच येतात.

पुढच्या अडचणी तांत्रिक होत्या आणि त्या एकेक करून सुटत गेल्या. लोब्लॉलीचा जनुकसंच अवाढव्य आहे. त्यात सुमारे २२ अब्ज अक्षरे, म्हणजे माणसाच्या सातपट मजकूर आहे आणि त्यातील चार-पंचमांश भाग पुनरावृत्तीचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डेव्हिड नील यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा तोवर वाचलेला तो सर्वांत मोठा जनुकसंच होता. त्याच्या आधारे पुढे सुमारे ५० हजार खुणा एकाच वेळी वाचणारी चकती तयार झाली. ज्या कामाला १९९० च्या दशकात एका विद्यार्थ्याचे संपूर्ण संशोधन खर्ची पडे, ते आता नेहमीच्या चाचणीसारखे झाले आहे.

सख्ख्या भावंडांतील फरक

खुणांचा सर्वांत मोठा उपयोग कुठे होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. आई-बाप चांगले असले की संतती सरासरीने चांगली निघते, हे वंशावळीवरून कळते. परंतु एकाच आई-बापांच्या शंभर रोपांत प्रत्येकाच्या वाट्याला जनुकांचा वेगळा निम्मा भाग आलेला असतो. वंशावळीच्या दृष्टीने ही शंभर भावंडे सारखीच. प्रत्यक्षात त्यांच्यांत मोठा फरक असतो. रोपवाटिकेत हातभर उंचीची असताना ती डोळ्यांना वेगळी ओळखता येत नाहीत. खुणा मात्र प्रत्येकाला काय मिळाले आहे, हे सांगू शकतात. शंभरातून उत्तम पाच निवडून त्यांच्या काड्या फुलोऱ्यावर आलेल्या मोठ्या झाडांच्या शेंड्यांवर कलम केल्या, की पुढचा संकर काही वर्षांनी अलीकडे येतो. शिवाय बीजोद्यानात परागकण कोठून उडत आले, कोणत्या कलमावर चुकीची चिठ्ठी लागली, अशा जुन्या चुकाही खुणांमुळे उघड होतात.

या लाभाला एक उतारही आहे. पिढ्या पुढे जातात, तसा खूण आणि तिच्या शेजारचे जनुक यांचा सहवास सुटत जातो. नवी झाडे जुन्या मोजलेल्या झाडांची जितकी दूरची नातलग, तितके अनुमान ढिले पडते. त्यामुळे दर पिढीला काही झाडे पुन्हा शेतात लावून, मोजून, गणित ताजे करावे लागते. क्षेत्रचाचण्यांवरचा खर्च वाचवण्यासाठी हे तंत्र वापरायचे, असे जे व्यवस्थापक समजतात, ते ज्या फांदीवर बसले आहेत तीच तोडत आहेत. विद्यापीठांच्या सहकारी कार्यक्रमांना मिळणारा पैसा आणि त्यांची माणसे कमी होत असताना हा धोका कल्पनेतला राहत नाही.

२०१३ चा धडा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खुणा वाढ सांगतात. पण वाढ म्हणजे काय?

१ जून २०१३ रोजी दक्षिणेकडील पाइनच्या इमारती लाकडासाठी नवी बलमूल्ये लागू झाली. घराचा आराखडा करणारा अभियंता तुळई किती लांब आणि किती जाड घ्यायची, हे याच आकड्यांवरून ठरवतो. दक्षिणी पाइन तपासणी संस्थेने गिरण्यांतून गोळा केलेल्या लाकडाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा वाकणुकीला तोंड देण्याची ताकद पूर्वीच्या मूल्यांपेक्षा कमी भरली. अनेक प्रतींच्या लाकडासाठी हे मूल्य २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावे लागले. त्यामुळे तेवढाच भार पेलण्यासाठी अधिक जाड किंवा अधिक जवळ लावलेल्या तुळया घेणे भाग पडले.

याचे सारे खापर पैदासकारांवर फोडणे अन्यायाचे होईल. झाडाच्या पहिल्या दहाएक वर्षांत खोडाच्या गाभ्याशी तयार होणारे लाकूड कोवळे, कमी घनतेचे आणि कमी ताठ असते. पूर्वी हे झाड पस्तीस-चाळीस वर्षे उभे राही, तेव्हा त्या गाभ्याभोवती पक्व लाकडाचे जाड आवरण तयार होई. झाडे लवकर जाडजूड होऊ लागली, तशी ती पंचवीस वर्षांतच तोडता येऊ लागली आणि ओंडक्यात कोवळ्या लाकडाचा वाटा वाढला. खते, तणनियंत्रण, रोपांमधील अंतर आणि तोडणीचे वय या सर्वांचा यात हात आहे. परंतु वेग हेच ध्येय ठरले, की त्याचे परिणाम कुठवर जातात, याचे हे उदाहरण बोलके आहे.

उंची आणि घेर मोजायला एक काठी आणि एक फीत पुरते. लाकडाचा ताठरपणा मोजायला उपकरणे, नमुने आणि वेळ लागतो. म्हणून दशकानुदशके निवडीच्या यादीत वाढ, खोडाचा सरळपणा आणि रोगप्रतिकार यांना अग्रस्थान राहिले. लाकडाचा दर्जा मागे पडला. गंमत अशी की, लाकडाची घनता हा वाढीपेक्षा अधिक ठामपणे आनुवंशिक असलेला गुण आहे आणि लोब्लॉलीत वाढ व घनता यांचे वैर फारसे कडवे नाही. लवकर वाढणारी आणि तरीही घट्ट लाकडाची झाडे अस्तित्वात आहेत. त्यांना शोधण्याचा खर्च हीच काय ती अडचण होती.

जनुकीय खुणांची खरी किंमत इथे दिसते. काही शे झाडांत घनता आणि ताठरपणा एकदा नीट मोजला, की त्या आधारावर हजारो रोपांबद्दल अनुमान करता येते. ज्या गुणांची मोजदाद महाग किंवा उशिरा होणारी म्हणून टाळली जात होती, ते गुण प्रथमच सर्व रोपांच्या निवडीत आणणे परवडू लागले आहे. म्हणजे तेच साधन दोन प्रकारे वापरता येते. वाढीचे जुनेच ध्येय अधिक वेगाने गाठण्यासाठी ते वापरता येईल किंवा ध्येयाची व्याख्याच सुधारण्यासाठी वापरता येईल. होल्स्टीन गायींच्या इतिहासात दोन्ही घडून गेले आहे. केवळ दुधामागे धावताना त्यांची प्रजननक्षमता अनेक दशके घसरत गेली. पुढे निवडीच्या सूत्रात प्रजननाला गुण दिले गेले आणि खुणांच्या मदतीने ती घसरण थांबली. निवड दोन्ही वेळी निमूटपणे सांगितलेले काम करीत होती आणि खुणाही तेच करतील.

जमीनमालकाचा हिशेब

आता पुन्हा जॉर्जियाकडे पाहावे लागेल. तेथील पाइनच्या जमिनींचा मोठा भाग कुटुंबांच्या मालकीचा आहे. आजोबांनी लावायचे, नातवाने तोडायचे, मधल्या काळात मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याच्या खर्चाला थोडे विकायचे, असा हा व्यवहार. हे ‘थोडे विकायचे’ म्हणजे विरळणी. रोपे दाट लावलेली असतात. बारा ते अठरा वर्षांच्या सुमारास त्यांतील बारीक झाडे काढून लगद्यासाठी विकतात आणि उरलेल्यांना इमारती लाकूड होण्यासाठी मोकळी जागा देतात.

सुधारित रोपांनी हे वेळापत्रक अलीकडे आणले आहे. झाडे लवकर एकमेकांना भिडतात, म्हणून विरळणीही लवकर करावी लागते. पण लगद्याचे कारखाने एकामागून एक बंद होत आहेत. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कँटनचा कारखाना बंद झाला, त्यानंतर साउथ कॅरोलायनातील जॉर्जटाउनचा आणि आता सव्हाना व राइसबरोचे. विरळणीचे लाकूड घेणारा उरला नाही, तर दाटीवाटीने उभी असलेली, पाण्यासाठी आणि प्रकाशासाठी भांडणारी झाडे खोडकिडीच्या तावडीत सापडतात. वेगाने वाढणारे वन अशा वेळी ठेव न राहता ओझे होते. त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने जॉर्जियातील वनांचे सुमारे १.२८ अब्ज डॉलरचे नुकसान केल्याचा अंदाज राज्याच्या वन आयोगाने दिला. ज्यांची वीस वर्षांची झाडे एका रात्रीत आडवी झाली, त्यांनी पुन्हा लावताना कोणते रोप निवडावे?

नियंत्रित संकरातून किंवा प्रतिकृतीतून आलेली रोपे साध्या रोपांपेक्षा बरीच महाग असतात. मोठ्या कंपनीला हा खर्च लाखो एकरांवर विभागता येतो. शंभर एकरांच्या मालकाला तो एकदाच आणि पंचवीस वर्षांसाठी करावा लागतो. रोपवाटिकेच्या यादीतील वाढीचा मोठा आकडा त्याला भुरळ घालतो. पण त्याच्या काउंटीत लगद्याचा कारखाना नसेल, तर त्याला कदाचित थोडी हळू वाढणारी, सरळ आणि घट्ट लाकडाची झाडे विरळ अंतरावर लावणे अधिक हिताचे ठरेल. निवडीच्या सूत्रात कोणत्या गुणाला किती वजन द्यायचे, हा निर्णय ज्या बैठकांत होतो, तिथे कंपन्या आणि सरकारी खाती बसतात. लहान मालकाचा आवाज तिथे राज्याच्या वनविभागामार्फत, म्हणजे वळसा घेऊनच पोहोचतो.

विविधतेची शिल्लक

आणखी एक हिशेब दीर्घ मुदतीचा आहे. पाइनमध्ये सग्यासोयऱ्यांत संकर झाला, की संतती खुरटते. म्हणून पैदासकारांनी आपल्या झाडांचे गट वेगळे राखून नातेसंबंध सांभाळले. जनुकीय निवडीत पिढ्या झपाट्याने जातात आणि उत्तम गुण मिळवणारी रोपे पुष्कळदा त्याच त्या मोजक्या कुटुंबांतून येतात. आवर घातला नाही, तर विविधता पूर्वी चाळीस वर्षांत जितकी घटली असती, तितकी दहा वर्षांत घटेल. सुदैवाने खरे नातेसंबंध मोजण्याचे साधनही त्याच खुणा आहेत. त्यांचा तसा वापर करायचा, तर आजचा थोडा लाभ उद्यासाठी सोडावा लागतो. बदलत्या हवामानात कोणता दुष्काळ, कोणती कीड आणि कोणते वादळ येईल, हे आजच्या गणितात नाही. त्याचे उत्तर कदाचित आज कमी गुण मिळालेल्या एखाद्या झाडात असेल.

भारतासाठी अर्थ

मराठी वाचकाला यात सागाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोइम्बतूर येथील वन आनुवंशिकी आणि वृक्षपैदास संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सागाच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. सागाचा जनुकसंच सुमारे ३२ कोटी अक्षरांचा, म्हणजे लोब्लॉलीच्या सत्तरावा हिस्सा. वाचायला तो किती तरी सोपा आहे. महाराष्ट्रात वन विकास महामंडळ १९७४ पासून साग लावत आले आहे आणि विदर्भातील सागवनांचा अनुभव त्याहूनही जुना आहे. त्यामुळे लोब्लॉलीच्या वाटेने सागही जाऊ शकेल, अशी अपेक्षा धरता येते. मात्र अमेरिकेत खुणांना अर्थ आला, तो सत्तर वर्षांच्या सलग, नोंदवलेल्या क्षेत्रचाचण्यांमुळे. चकती विकत आणता येते; मोजमापांचा वारसा विकत मिळत नाही. तो उभारायचा तर आज लावलेल्या झाडांच्या नोंदी अधिकाऱ्यांच्या बदल्यांनंतरही चालू राहाव्या लागतात.

दुसरी आठवण कडू आहे. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांनी हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना, त्यांत अनेक मराठी कुटुंबांना, वीस वर्षांत लाखो रुपयांची स्वप्ने विकली. वाढीचे फुगवलेले आकडे हाच त्या जाहिरातींचा आधार होता. अखेर सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. तोवर अनेकांची पुंजी बुडाली होती. उद्या ‘जनुकचाचणी केलेले साग’ अशी पाटी लावून कोणी रोपे विकू लागला, तर विचारण्याजोगे प्रश्न लोब्लॉलीच्या अनुभवाने शिकवले आहेत. हे अनुमान कोणत्या जमिनीवरील, किती वर्षांच्या मोजमापांवर आधारलेले आहे? त्यात लाकडाचा दर्जा धरला आहे का? आणि विरळणीचे लाकूड कोण घेणार?

पंचवीस वर्षांचा निर्णय

लाकडावरील कर पुढच्या निवडणुकीनंतर बदलू शकतात. आदेश मागे घेता येतात. येत्या हिवाळ्यात लावलेले पाइनचे रोप मात्र २०५० च्या आसपास गिरणीत जाईल. त्याच्या वाढीचा वेग आणि लाकडाचा ताठरपणा आज रोपवाटिकेत ठरतो आहे. लाकूड हवे असे म्हणणाऱ्या सरकारने तीन साध्या गोष्टींकडे लक्ष दिले, तर ते आदेशापेक्षा अधिक टिकेल. विद्यापीठांच्या क्षेत्रचाचण्यांना अखंड पैसा मिळावा. रोपांच्या गुणपत्रकावर वाढीबरोबर लाकडाचा ताठरपणाही छापला जावा, म्हणजे लहान मालकाला आपल्या बाजारपेठेनुसार निवड करता येईल. आणि पैदाशीसाठी राखलेल्या झाडांतील विविधतेचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

जनुकीय खुणांनी वृक्षशास्त्राची सर्वांत जुनी अडचण, प्रतीक्षा, पुष्कळ अंशी कमी केली आहे, हे यश लहान नाही. पण प्रतीक्षेचा एक उपयोगही होता. वीस वर्षांच्या फेऱ्यात चूक उघडी पडायला आणि ती सुधारायला अवधी मिळत असे. फेरा दहा वर्षांवर आला, की चुकीचे ध्येयही दुप्पट वेगाने गाठले जाते. ध्येय काय असावे, हे डीएनएच्या २२ अब्ज अक्षरांत कोठेही लिहिलेले नाही. ते जमीनमालक, गिरण्या, घर बांधणारे आणि त्या घरांत राहणारे यांनीच ठरवायचे आहे.